अंगाबाहेरची चूल

घरात नव्या आलेल्या कासवाच्या पिल्लानं खाणं नाकारलं की सगळं घर त्याच्या खाण्याच्या मागे लागतं. दुकानदारानं दिलेल्या गोळ्या बदलल्या जातात. मग सुकी कोळंबी, मग उकडलेल्या अंड्याचा कण, पोळीचा तुकडा, कुणीतरी सांगितलं म्हणून टोमॅटो. न जेवणाऱ्याला आग्रह करायची आपल्याकडे रीत आहे आणि ती प्रेमाची रीत आहे. पण जेमतेम आठ-दहा ग्रॅम वजनाच्या, अडीच-तीन सेंटिमीटर लांबीच्या या जिवाला आग्रह करून उपयोग होत नाही. त्याच्या उपाशी राहण्याचं कारण समोर ठेवलेल्या घासात क्वचितच असतं. ते टबातल्या गार पाण्यात असतं, खिडकीच्या काचेत असतं, सुजलेल्या पापणीत असतं, कधी एखाद्या फुप्फुसात असतं. ते शोधता शोधता कळत जातं की आपल्या तळहातावर बसलेला हा प्राणी आपल्यापेक्षा किती निराळ्या पद्धतीनं जगतो.

आपल्या शहरांत पाळायला म्हणून विकलं जाणारं हिरवं पिल्लू बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं, रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असतो, त्यावरून हे नाव पडलं. कासवाला बाहेरून दिसणारा कान नसतोच. स्लायडरचा मूळ मुलूख म्हणजे अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं आणि त्याला लागून मेक्सिकोचा ईशान्येकडचा भाग. वीड संस्थानचा जर्मन राजपुत्र मॅक्सिमिलियन यानं १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्या संथ, कोमट पाण्यात ही कासवं दिवसाचे कितीतरी तास पाण्यावर आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर चढून, मागचे पाय ताणून, ऊन खात बसलेली दिसतात. कधी कधी जागा पुरत नाही म्हणून एकमेकांच्या पाठीवर चढतात. पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. प्रत्यक्षात त्या वेळी त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम चाललेलं असतं.

तुमचं-माझं शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं, बाहेर थंडी असो वा वैशाख. ही ऊब आपण अन्न जाळून आत तयार करतो. कासव तसं करत नाही. त्याची चूल अंगाबाहेर आहे, आणि ती म्हणजे सूर्य, तापलेला दगड, कोमट पाणी. शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग उष्णतेवर चालतो. ढोबळ हिशेब असा, की दहा अंश चढले की वेग दुप्पट ते तिप्पट होतो आणि दहा अंश उतरले की तितकाच पडतो. पाचक रस, आतड्यांची हालचाल, भुकेची जाणीव, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सगळ्यांना हाच नियम लागू. पाणी दहा अंशांच्या आसपास उतरलं की स्लायडर खाणंच सोडून देतात, आणि ते शहाणपणाचं असतं. पोट गार असताना घास गेला तर तो पचण्याऐवजी आतच कुजू शकतो. अंगात ऊब नाही, तर भूकही नाही.

आता हे पिल्लू डिसेंबरातल्या पुण्यात किंवा नाशिकमध्ये आणून पाहा. रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. फरशीवर ठेवलेल्या उथळ प्लॅस्टिकच्या टबातलं दोन लिटर पाणी पहाटेपर्यंत थंडगार होतं. माणसं स्वेटर घालतात. पिल्लू डोळे मिटून, पाय आत ओढून गप्प पडतं. घरच्यांना वाटतं ते रुसलंय किंवा झोपलंय. त्याची चूल विझलेली असते. मुंबईच्या दमट हवेत थंडीचा त्रास कमी, पण एसी लावून झोपायच्या खोलीत ठेवलेल्या टबाची गत तीच. म्हणून खाणं बदलण्याआधी पाण्यात थर्मामीटर बुडवायचा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो साधा थर्मामीटर पुरतो. पिल्लासाठी पाणी २६ ते २८ अंश हवं, आजारी पिल्लासाठी त्याहून एखाद-दोन अंश जास्त. आणि पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होता येईल असा एक दगड किंवा फळी हवी, जिचं तापमान ३२ ते ३५ अंश राहील. पाण्यासाठी मत्स्यालयाचा हीटर चालतो, दगडासाठी वरून बल्ब. इथे एक अडचण हल्ली नव्यानं आली आहे. घरातले जुने पिवळे दिवे गेले आणि एलईडी आले. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. अभ्यासाचा टेबल-लॅम्प लावून पिल्लाला शेक दिला असं मानणाऱ्या घरात पिल्लू गारच राहतं.

या उबेची सत्ता किती खोल जाते हे कळल्यावर मी थक्क झालो होतो. स्लायडरचं पिल्लू नर होणार की मादी, हे आई-बापांच्या गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडी मातीत उबत असताना मधल्या काही आठवड्यांत माती किती उष्ण होती, त्यावर ठरतं. थोडी गार असेल तर नर, उष्ण असेल तर मादी, आणि २९ अंशांच्या आसपास दोन्ही. आपल्या कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले समुद्री कासवांचंही असंच आहे.

त्याहून मोठं आश्चर्य आजारपणात आहे.

आपल्याला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. तापात शरीर तापमान मुद्दाम चढवतं, त्यानं लढणाऱ्या पेशींना बळ मिळतं. पण ज्याच्या आत चूलच नाही त्यानं ताप कसा आणायचा? १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर हे तपासलं. पिंजऱ्याची एक बाजू उष्ण, एक थंड. सरड्यांनी हवं तिथे बसायचं. निरोगी सरडे आपल्या आवडीच्या एका तापमानाजवळ राहत. मग त्यांना एअरोमोनास हायड्रोफिला नावाचे मृत जंतू टोचले. सरडे उठले आणि नेहमीपेक्षा साधारण दोन अंश जास्त उष्ण जागी जाऊन बसले. त्यांनी ताप आणला, पायांनी चालत जाऊन. १९७५ साली पुढचा प्रयोग झाला. जिवंत जंतू टोचलेल्या सरड्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानात ठेवलं. थंड ठेवलेले बहुतेक मेले आणि उष्ण ठेवलेले बहुतेक जगले. नंतर कासवांच्या काही जातींतही हेच वर्तन दिसलं, जंतू टोचल्यावर त्यांनी उष्ण जागा निवडली.

एअरोमोनास हा जंतू गोड्या पाण्यात सगळीकडे असतो. न बदललेल्या, खरकटं कुजलेल्या कासवाच्या टबात तर तो फोफावतो आणि पाळीव कासवांच्या आजारांत त्याचं नाव वारंवार येतं. म्हणजे तुमच्या टबातलं आजारी पिल्लू याच शत्रूशी लढत असेल, आणि त्याला ताप आणायचा असेल, पण टबात सगळीकडे एकच गार तापमान आहे. चालत जाण्यासारखी उष्ण जागाच नाही. त्याला ताप येऊ शकत नाही, कारण आपण त्याला तापाची जागा दिलेली नाही. टबाच्या एका टोकाला उबदार दगड आणि दुसऱ्या टोकाला जरा गार पाणी ठेवलं, तर निवड त्याच्या हाती येते. हे माझ्या मते कासव पाळण्यातलं सर्वांत महत्त्वाचं ज्ञान आहे आणि पिल्लासोबत दुकानातून जी लहानशी प्लॅस्टिकची वाटी आणि त्यात उभारलेलं खोटं नारळाचं झाड मिळतं, त्यात या ज्ञानाला अजिबात जागा नाही. त्या वाट्या विकणं बंद व्हायला हवं.

ऊन म्हणजे केवळ ऊब नव्हे. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतला यूव्हीबी हा पट्टा कासवाच्या कातडीवर पडला की तिथला कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद पदार्थ बदलतो आणि अंगाच्या उबेत त्याचं ड-३ जीवनसत्त्व होतं. ते असेल तरच आतडी अन्नातलं कॅल्शियम शोषतात. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. त्यामुळे खिडकीपाशी, स्वच्छ सोनेरी उन्हात ठेवलेलं पिल्लूही या जीवनसत्त्वाला मुकलेलं असू शकतं. मुकलं की काय होतं ते समजायला कवचाकडे पाहायला हवं.

कासवाचं कवच म्हणजे पाठीवर घेतलेलं घर असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं तर ते त्याचा सांगाडा आहे. पाठीचा कणा आणि रुंद झालेल्या बरगड्या मिळून वरची ढाल बनते. ती कधीही उतरवता येत नाही, आणि तिला स्पर्श कळतो. सगळ्यांत नवल खांद्यांचं आहे. तुमची खांद्याची हाडं बरगड्यांच्या बाहेर आहेत. इतर चारपायी प्राण्यांतही तसंच. कासवात ती बरगड्यांच्या आत आहेत. चीनमध्ये सापडलेल्या आणि २००८ साली वर्णन झालेल्या ओडोन्टोकेलिस या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाला पोटाकडची ढाल पूर्ण होती, पाठीची अर्धवट होती आणि तोंडात दातही होते. इतक्या जुन्या घडणीचा प्राणी आज आपल्या बाल्कनीत आहे.

हे सगळं हाडच असल्यामुळे वाढत्या पिल्लाला कॅल्शियम अफाट लागतं. ड-३ नसेल तर शरीर ते कवचातून काढून रक्तात आणतं, कारण स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. आतड्यांच्या भिंतीही स्नायूंच्याच. कवच मऊ पडतं, पाय थरथरतात, आतडी मंदावतात, आणि पिल्लू खाणं सोडतं. अगदी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं कवच किंचित लवचीक असतंच, पण बोटाखाली रबरासारखं दबलं तर ते लक्षण वाईट. उपाय साधा आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात रोज पंधरा-वीस मिनिटं, मध्ये काच न ठेवता, आणि टबाचा निम्मा भाग सावलीत. काचेची पेटी किंवा छोटा टब भर उन्हात ठेवून आत जाऊ नका. पाणी चाळीस अंशांच्या आसपास गेलं की पिल्लू मरतं, आणि त्याला फार वेळ लागत नाही. कावळे आणि मांजरं यांचीही आठवण ठेवावी. ऊन मिळत नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा घ्यावा लागतो; त्याचा उजेड चालू राहिला तरी यूव्हीबी काही महिन्यांत घटतं, म्हणून तो साधारण वर्षाच्या आत बदलायचा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवावा. माखली या समुद्री जीवाच्या अंगातला तो खडूसारखा भाग असतो आणि कासवं तो कुरतडतात.

कवचाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्लायडरचा उत्तर अमेरिकेतला नातलग, पेंटेड टर्टल, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांच्या तळाशी महिनोन्महिने श्वासाशिवाय राहतो. प्राणवायू नसताना ऊर्जा काढली की अंगात लॅक्टिक आम्ल साठतं. ते इतकं साठलं तर आपण मरू. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या डोनाल्ड जॅक्सन यांनी दाखवलं की हे कासव आपल्या कवचातले कार्बोनेट विरघळवून ते आम्ल शमवतं आणि काही आम्ल कवचातच साठवून ठेवतं. त्या काळात त्याच्या हृदयाचा ठोका दोन-तीन मिनिटांतून एकदा पडतो. याचा आपल्याशी संबंध असा, की गारठलेलं कासव मेल्यासारखं दिसतं पण मेलेलं असेलच असं नाही. निश्चल पिल्लू सापडलं तर आधी हळूहळू ऊब द्या आणि पशुवैद्याला दाखवा. पुरायची घाई करू नका.

आता डोळे. टबात घास पडला आहे, पाणीही कोमट आहे, तरी पिल्लू तोंड लावत नाही, अशा वेळी त्याच्या पापण्या पाहा. सुजून बंद झालेल्या असतील तर त्याला घास दिसतच नाही, आणि स्लायडर मुख्यतः बघून खातं. या सुजेचं एक मोठं कारण अ जीवनसत्त्वाचा अभाव आहे. दुकानातून ‘कासवाचं खाद्य’ म्हणून मिळणारी सुकी लहान कोळंबी पिल्लं आवडीनं खातात, पण फक्त तिच्यावर वाढलेल्या पिल्लाला हे जीवनसत्त्व मिळत नाही. अ जीवनसत्त्व शरीरातली ओलसर अस्तरं नीट ठेवतं. ते घटलं की डोळ्यांजवळच्या ग्रंथींच्या नळ्यांचं अस्तर कातडीसारखं जाड होतं, पेशींचा खच साचतो, नळ्या बुजतात, पापण्या फुगतात. श्वासनलिकेत आणि मूत्रपिंडातही हेच होतं, म्हणून अशा पिल्लांना पाठोपाठ न्यूमोनिया गाठतो. उपाशी म्हणून अ जीवनसत्त्व आणखी घटतं, घटतं म्हणून डोळे उघडत नाहीत, आणि उघडत नाहीत म्हणून ते उपाशी. हे चक्र घरी तोडायला जाऊ नका. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन जास्त झालं तर कातडी सोलून निघते. मात्रा पशुवैद्यानंच ठरवायची. घाणेरड्या पाण्यातल्या अमोनियानंही डोळे सुजतात, आणि ते मात्र तुमच्या हाती आहे. खाऊ वेगळ्या भांड्यात घाला, राहायचं पाणी वारंवार बदला.

खाण्याबद्दल थोडक्यात. पाण्यातलं कासव घास पाण्यात बुडाल्याशिवाय नीट गिळू शकत नाही. त्याची जीभ आपल्यासारखी बाहेर येऊन घास वळवत नाही. ते घसा फुगवून पाण्यासकट घास आत ओढतं. फळीवर ठेवलेला तुकडा त्याच्या कामाचा नाही. पिल्लं मुख्यतः मांसाहारी असतात आणि वय वाढेल तशी वनस्पतींकडे वळतात. म्हणून पिल्लासाठी बारीक चिरलेलं गांडूळ, डासांच्या अळ्या, चांगल्या प्रतीच्या गोळ्या. मोठेपणी पाणवनस्पती आणि हिरव्या पालेभाज्या. हलणारं जिवंत खाद्य कित्येकदा भूक जागी करतं. पोळी, भात, पाव, दूध यांतलं काहीही त्याच्या आतड्यांसाठी नाही. खारवलेली सुकट नको. तळाला बारीक खडी घातली असेल तर काढून टाका, पिल्लू ती गिळतं आणि आतडं तुंबतं.

आणि काही पिल्लं आजारी नसतानाही खात नाहीत. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो. त्यावर ते पहिले काही दिवस, कधी काही आठवडे काढतं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड भागांत स्लायडरची पिल्लं अंड्यातून शरदात निघतात पण मातीतून वर येतात ती थेट वसंतात. अख्खा हिवाळा ती न खाता घरट्यातच काढतात.

इथे मला आपल्या संतांची कूर्मदृष्टी आठवते. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, घास भरवत नाही, ती दुरून नुसत्या नजरेनं त्यांना वाढवते, ही कल्पना मराठी संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा येते, आणि देवाच्या कृपेसाठी याहून कोवळी उपमा मला माहीत नाही. जीवशास्त्र सांगतं की बहुतेक जातींची मादी अंडी पुरते आणि निघून जाते. परत फिरून पाहत नाही. वेळासला २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी मिळून ज्या घरट्यांना जपत आले, त्यांतली पिल्लं आईला कधीच भेटत नाहीत. तरी पिल्लाच्या पोटातला तो बलक आईनंच दिलेला असतो. ती दूर असते आणि पिल्लू तिच्याच शिदोरीवर पहिले दिवस काढतं. संतांनी जे पाहिलं त्यात निरीक्षण होतंच. शिवाय गेल्या काही वर्षांत अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या महाकाय नदीकासवांचे आवाज पाण्यात ध्वनिग्राहक सोडून टिपले गेले. पिल्लं अंड्यात असतानाच आवाज काढतात, माद्या नदीत आवाज देत असतात, आणि पुढे पिल्लं त्या मोठ्या माद्यांसोबत प्रवास करतात. कासवांत आईपण नसतंच, हे आता कुणी ठामपणे म्हणणार नाही.

बाजारातल्या पिल्लाला मात्र ना आई, ना ओंडका, ना ऊन. ते शेतीसारख्या मोठ्या उबवणी केंद्रांत जन्मतं, डब्यांत भरून प्रवास करतं आणि घाबरलेलं असतं. आणल्यावर पहिले काही दिवस त्याला उचलू नका, मुलांना दर तासाला दाखवू नका. टबात एक लपायची जागा द्या आणि घास टाकून खोलीतून निघून जा. डोळे उघडे, पोहणं सरळ, पाय जोरदार आणि पाणी कोमट असेल, तर आठवडाभर न खाणं सहन होतं. रोज त्याच वेळी छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरत राहिलं तर थांबू नका.

एक लक्षण मात्र थांबूच देत नाही, आणि ते श्वासाचं आहे. बरगड्या कवचात सांधल्या गेल्यामुळे कासवाची छाती फुगत नाही. पायांजवळचे आणि पोटातले स्नायू आतले अवयव मागेपुढे सरकवतात आणि वर कवचाला लागून असलेली फुप्फुसं त्यानं उघडतात, मिटतात. आपल्यासारखं श्वासपटल नसल्यामुळे त्याला जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. हीच फुप्फुसं त्याला पाण्यात तोलूनही धरतात. एका बाजूच्या फुप्फुसात पाणी किंवा पू भरला की ती बाजू जड होते आणि पिल्लू तिरकं पोहायला लागतं. घरच्यांना ती गंमत वाटते. तिरकं पोहणं, नाकातून बुडबुडे, मान ताणून उघड्या तोंडानं श्वास, यांतलं काहीही दिसलं तर तो न्यूमोनिया असू शकतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तोपर्यंत पाणी उथळ करा, पाठीच्या उंचीइतकंच. अशक्त झालेलं कासव बुडून मरतं.

घरी दोन गोष्टी कधीच करू नका. चिमट्यानं तोंड उघडून घास कोंबू नका. जबडा मोडतो, घास श्वासनलिकेत जातो. आणि माणसांची अँटिबायोटिकं अंदाजानं देऊ नका. पशुवैद्य आधी अंग गरम करतात, मग पाण्याची तूट भरतात आणि अन्न शेवटी, गरज पडली तर नळीनं देतात. सुई शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात टोचतात, कारण कासवाच्या मागच्या पायांकडून येणारं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. धोका फक्त पिल्लाला नाही, तुमच्या मुलांनाही आहे. निरोगी दिसणारं कासवही साल्मोनेला जंतू बाळगून असू शकतं. याच कारणानं अमेरिकेत १९७५पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. पिल्लाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊ नका.

बरं झालेलं पिल्लू वीस-तीस वर्षं जगू शकतं आणि मादी असेल तर जवळजवळ फूटभर लांब होते. मग तिला नदीत सोडावं असं मनात येईल. सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत स्लायडरचं नाव आहे. आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं. युरोपीय संघानं १९९७ साली त्याची आयात बंद केली. आणि तुमच्याकडचं कासव स्लायडर नसून पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव किंवा आपल्या तळ्यांतलं मऊ कडांचं देशी कासव असेल, तर ते घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

पिल्लू आजारी असेल तर आज रात्रीच टब गार फरशीवरून उचलून ठेवा, पाणी मोजा, दगडावर ऊब द्या, आणि सकाळी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचा शोध घ्या. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारून पाहा. नेताना पाण्यात नेऊ नका. छिद्रं पाडलेल्या डब्यात ओला मऊ कपडा अंथरा, एसीचा आणि वाऱ्याचा झोत टाळा. सोबत टबाचा फोटो, खाद्याचा डबा, पाण्याच्या तापमानाची आणि वजनाची नोंद घ्या. डॉक्टर पहिले प्रश्न त्यावरच विचारतील.